मदत हवी आहे: पंक ते इंडी, मधलं काय ऐकू?

मंडळी, सध्या मँचेस्टरच्या संगीतात पार बुडालोय. (पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं रांगडं, बंडखोर रॉक; इंडी म्हणजे छोट्या, स्वतंत्र रेकॉर्ड कंपन्यांचं म्हणजे लेबलांचं संगीत.) ४ जून १९७६ ला तिथल्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजवून गेला. श्रोते मोजकेच, पण पुढे जॉय डिव्हिजन हा बँड काढणारी पोरं त्यातच होती! कार्यक्रम ठरवणाऱ्या बझकॉक्स या बँडवाल्यांनी तर उसने पैसे घेऊन जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्याच लेबलवर 'स्पायरल स्क्रॅच' ही रेकॉर्ड काढली. चार गाणी, बस्स. मोठ्या कंपनीच्या दारात उभं न राहता रेकॉर्ड काढता येते, हाच माझ्या मते पंकचा खरा वारसा. पंकवाल्यांच्या कपड्यांवरच्या सेफ्टी पिना काय, नंतर फॅशनच्या दुकानातही आल्या.

रफ ट्रेड आणि फॅक्टरी ही स्वतंत्र लेबलं, मग द स्मिथ्स हा बँड, इथपर्यंत धागा लागतो. अडतं ते एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या १९८६ च्या 'सी८६' कॅसेटपाशी, म्हणजे इंडी बँडांच्या गाण्यांच्या संग्रहापाशी. या गोडुल्या, किणकिणत्या गिटारी पंकच्या नात्यात नक्की कुठे बसतात? आणि तिथून आर्क्टिक मंकीज, आयडल्स या अलीकडच्या ब्रिटिश बँडांपर्यंत यायला मधले कोणते चार-पाच अल्बम ऐकावेत? कारणासकट सांगा. ओएसिस-ब्लर कृपया नकोत, ते कॉलेजातच पाठ झालेत. बायकांचे बँड असतील तर आधी सांगा. द स्लिट्स आणि द रेनकोट्सच्या पुढे माझी गाडी सरकलेली नाही.