पार्लरच्या कामाने हातांना भेगा पडल्या आहेत. कारण पाणी की हेअर कलर?

नमस्कार. मी लातूरमधील एका ब्युटी पार्लरमध्ये दोन वर्षांपासून मदतनीस म्हणून काम करते. केस धुणे, कलर कालवणे आणि लावणे, टॉवेल धुणे ही कामे माझ्याकडे असतात. कात्री अजून हाती आलेली नाही. तुळशीचे लग्न झाले की गर्दी वाढते आणि दिवसाला 12 ते 15 जणींचे केस धुवावे लागतात.

यंदा दिवाळीनंतर अंगठीखाली लाल चट्टा उठला. अंगठी काढून ठेवली, तरी तो बोटांच्या बेचक्यांत पसरला आणि आता दोन्ही हात पालथ्या बाजूने खाजतात. सकाळी भाकरी थापताना ज्वारीचे पीठ भेगांत शिरते तेव्हा डोळ्यांत पाणी येते, म्हणून हल्ली भाकरी सासूबाई करतात. यात लाजण्यासारखे काही नाही हे कळते, तरी लाज वाटतेच.

पार्लरच्या मालकीणबाईंच्या मते हे बोअरच्या क्षारयुक्त पाण्यामुळे होते आणि नव्या मुलींना असा त्रास व्हायचाच. पण मी नवी नाही, आणि आधी मला कधीच काही झाले नव्हते. काळ्या कलरच्या खोक्यावर पॅरा-फेनिलीनडायमीन (केस काळे करणारे, ॲलर्जी आणू शकणारे रसायन) असे नाव वाचल्यापासून माझी शंका वाढली आहे. ॲलर्जी आहे का ते पाहण्यासाठी ग्राहकाच्या कानामागे थोडा कलर लावून 48 तास वाट पाहावी, असे आम्हाला शिकवले होते. लग्नघाईत कोणी थांबत नाही, आणि मदतनिसाची चाचणी तर कोणाच्या मनातही येत नाही. कलर लावताना हातमोजे मिळतात, परंतु ते एकदाच वापरायचे पातळ मोजे आम्ही संध्याकाळी धुऊन, उलटे करून, पावडर मारून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालतो. कलर धुताना हात उघडेच असतात.

मला हे काम सोडायचे नाही. नेमके कारण कसे ओळखावे आणि तोवर काय काळजी घ्यावी, हे कृपया अनुभवी व्यक्तींनी सांगावे.

प्रतिसाद:

ताई, मी नांदेडला पार्लर चालवते आणि या त्रासातून स्वतः गेले आहे. दोन्ही कारणे एकत्र असू शकतात, कारण पाण्याने आणि शाम्पूने त्वचेचे तेल निघून जाते आणि मग रसायन सहज आत शिरते. कलरची ॲलर्जी तर कित्येक वर्षे वापरल्यानंतरही सुरू होते. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते शोधणारी चाचणी, करून घ्या. पाठीवर लावलेल्या पट्ट्या 48 तासांनी काढतात आणि एक-दोन दिवसांनी पाठ पुन्हा तपासतात. तोवर पाठ भिजवता येत नाही, म्हणून सुट्टी आधीच मागून ठेवा. मेडिकलमधून मनाने मलम आणू नका.

मोजे नायट्राइलचे (एक प्रकारचे कृत्रिम रबर), लांब मनगटाचे आणि प्रत्येक ग्राहकासाठी नवे घ्या. उलटा केलेला मोजा कालचा कलर तुमच्याच हाताला लावतो. कलर धुताना तर ते हवेतच. पाकिटातली काळी मेंदीही उघड्या हाताने कालवू नका, तिच्यातही बहुधा हेच रसायन असते. आणि कात्री हाती येईल तेव्हा केस आधी कापा, कलर नंतर करा, म्हणजे ताज्या रंगवलेल्या केसांत बोटे घालावी लागणार नाहीत.