मदत हवी आहे: नेल टेक्निशियनचा कोर्स – पणजी, म्हापसा की थेट मुंबई?

शेवंती_पेडणे

नमस्कार. म्हापशाच्या एका पार्लरमध्ये थ्रेडिंग, फेशियल, मॅनिक्युअर-पेडिक्युअर करते. नखांचं काम नीट शिकून तुळशीच्या लग्नानंतरच्या सीझनपासून पेडण्याला घरूनच सुरू करायचा विचार आहे. किट धरून बजेट ५० हजार.

चौकशी करून हाती लागलेले पर्याय असे. पणजीत ३ दिवसांचं वर्कशॉप, रोज ६ तास, १४ हजार, किट वेगळं. जेल पॉलिश (यूव्ही-एलईडी दिव्याखाली घट्ट होणारं), ॲक्रिलिक (लिक्विड-पावडर मिसळून बांधलेलं नख), पॉलिजेल, ओम्ब्रे, थ्रीडी आर्ट मिळून १५ तंत्रं शिकवतो म्हणतात, बॅच १२ जणींची. म्हापशात ४ आठवड्यांचा कोर्स, सोमवार ते शुक्रवार रोज ३ तास, ३२ हजार किटसह, बॅच ६ जणींची. मुंबईत १० दिवस, ४५ हजार, राहणं-जेवण आपलं आपण. आणि ऑनलाइन रेकॉर्डेड, ४ हजार.

पणजीवाल्यांचं सर्टिफिकेट 'इंटरनॅशनल' आहे म्हणे. त्याला खरंच किंमत असते का? ॲक्रिलिक आधी शिकावं की जेल? किट क्लासकडूनच घ्यावं का?

काजूबोंडू

आधी तासांचा हिशेब करा. ३ दिवस गुणिले ६ म्हणजे १८ तास. त्यात १५ तंत्रं बसवली तर एकेकाच्या वाट्याला सव्वा तासही येत नाही. नवशिकीला दहा बोटांचा ॲक्रिलिकचा पूर्ण सेट करायलाच तीन-चार तास लागतात. म्हणजे तिथे बाई करणार आणि बारा जणी मोबाइलवर शूट करणार. म्हापशाचे ६० तास होतात. ते चांगले वापरतात की नाही, हे मात्र क्लासला जाऊनच कळेल.

तंत्रं किती, हे विचारूच नका. विचारा: जिवंत हातावर पूर्ण सेट किती करायला मिळतील? मॉडेल क्लास आणतो की आपण आणायची? काढायला आणि रिफिल करायला शिकवता का? ह्या शेवटच्या प्रश्नाला 'ते सोपं असतं, जमतं आपोआप' असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा.

रिफिलवर एवढा भर का, ते सांगतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. तीन आठवड्यांत मुळाशी दोनेक मिलिमीटरची मोकळी फट दिसते, आणि लावलेल्या थराचा सगळ्यात जाड भाग, म्हणजे एपेक्स, तेवढाच पुढे सरकतो. तो नखाचं मांस संपतं त्या ताणाच्या जागेवर हवा. पुढे गेला की टोक जड होतं आणि बाटलीचं झाकण उघडताना नख मधोमध मोडतं. रिफिल म्हणजे नुसती फट भरणं नव्हे. उचललेला थर घासून काढायचा, जुना एपेक्स उतरवायचा आणि नवा मागे बांधायचा. गिऱ्हाईक दर तीन आठवड्यांनी येतं ते ह्याच कामासाठी. धंदा त्यावर चालतो, थ्रीडी फुलांवर नाही.

ऑनलाइन कोर्स नंतर डिझाइन शिकायला ठीक. फायलीवर दाब किती द्यायचा, हे व्हिडिओ सांगू शकत नाही.

मळेवाट

काजूबोंडू यांच्याशी सहमत. क्लासला जाल तेव्हा काय बघायचं त्यात माझी थोडी भर.

पहिली गोष्ट, ॲक्रिलिकच्या मोनोमरची, म्हणजे पावडरीत मिसळायच्या लिक्विडची, बाटली हातात घेऊन लेबल वाचा. ईएमए, म्हणजे इथाइल मेथाक्रिलेट, लिहिलेलं हवं. एमएमए, म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट, असेल किंवा लेबलच नसलेली सुटी बाटली असेल तर तो क्लास बाद. अमेरिकेच्या एफडीएने (औषध-प्रसाधनांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नखांच्या एमएमएवर १९७० च्या दशकातच कारवाई केली होती, तरी स्वस्त पडतं म्हणून ते अजून फिरतं. त्याचा थर फार कडक होतो. बोट कुठे अडकलं तर थर मोडण्याऐवजी खालचं खरं नखच उपटून येतं. ओळखायची खूण: ईएमएचा सेट ॲसिटोनमध्ये वीस-तीस मिनिटांत मऊ पडून खरवडता येतो, एमएमएचा ढिम्म हलत नाही.

दुसरी, शिकवणाऱ्यांना विचारा, क्युटिकल कुठलं आणि एपोनिकियम कुठलं. नखाच्या पाठीवर चिकटलेला पातळ, मेलेला पापुद्रा म्हणजे क्युटिकल. ते पुशरने सोडवून काढायचं असतं. त्यामागची चामडीची जिवंत कड म्हणजे एपोनिकियम. ती निपरने सरसकट कापायची नसते. मॅनिक्युअरमध्ये बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं, कड कापतात आणि पापुद्रा तसाच राहतो. मग त्या पापुद्र्यावर जेल बसतं, पापुद्रा सुटला की जेलही सुटतं, आणि दोष ब्रँडला.

तिसरी, हत्यारं. धातूची हत्यारं आधी साबण-ब्रशने धुऊन कोरडी करायची, मग जंतुनाशकात लेबलवर लिहिलेला वेळ पूर्ण बुडवायची, किंवा ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करायची. निळा दिवा लागणारा 'यूव्ही स्टेरिलायझर' डबा म्हणजे नुसतं कपाट, त्याने निर्जंतुक होत नाही. फाइल आणि बफर दर गिऱ्हाइकाला नवे. क्लासमध्ये एकच बफर सहा हातांवर फिरताना दिसला तर पुढे तुम्हीही तेच कराल.

शेवंती_पेडणे

हे सगळं लिहून घेतलं. मॅनिक्युअरमध्ये आम्हीही कडच कापतो, तशीच सवय लावली आहे सगळ्यांना! ॲक्रिलिक की जेल तेवढं सांगा. घरात एसी एकाच खोलीत आहे.

ॲसिटोनबाय

अगो बाय, घरून करणार असशील तर आधी जेल पॉलिश आणि ते काढणं, मग बिल्डर जेल (नखाला जाडी देणारं दाट जेल), मग सॉफ्ट जेलचे पूर्ण टिप्स (वरून चिकटवायची तयार नखं). ॲक्रिलिक सगळ्यात शेवटी.

ॲक्रिलिक हवेच्या तालावर नाचतं. बीड, म्हणजे ब्रशवरचा ओला गोळा, दीड भाग लिक्विडला एक भाग पावडर अशा अंदाजाने उचलायचा. नखावर ठेवल्यावर तो क्षणभर जागेवर राहून हळूच पसरला तर बरोबर. लगेच पाण्यासारखा कडेच्या चामडीत धावला तर ओला, खरखरीत राहिला तर कोरडा. खोली २२-२४ अंशांवर असेल तर हे जमतं. मे महिन्यात पंख्याखाली बसलीस तर दाबून आकार देण्याआधीच बीड घट्ट होतो. शिवाय मोनोमरचा वास घरभर पसरतो, आणि पावसात खिडकी उघडी टाकता येत नाही.

जेलमध्ये घाई नाही, दिव्याखाली हात जाईपर्यंत ते थांबतं. पण पावसाळ्यात पूर्वतयारी दुप्पट काटेकोर हवी. नख पाणी शोषतं. म्हणून जेलआधी हात भिजवायचे नाहीत, मॅनिक्युअर कोरडंच. क्युटिकल काढलं की १८० किंवा २४० ग्रिटच्या फाइलने (आकडा लहान तेवढी फाइल खरखरीत) नुसती चमक घालवायची; नैसर्गिक नखावर १०० ग्रिट कधीच नाही. धूळ झाडून डिहायड्रेटर (नखावरची ओल-तेल घालवणारं), मग ॲसिड-फ्री प्रायमर (जेल धरून ठेवणारा थर) अगदी पुसट. त्यानंतर गिऱ्हाइकाने केसांत हात घातला तर ते बोट पुन्हा पहिल्यापासून. बेस कोट पातळ, टोकाची कड बंद करायची आणि चामडीपासून केसभर अंतर ठेवायचं. गडद रंगाचा जाड थर एकदम दिला तर वरून सुकतो, आत कच्चा राहतो, दोन दिवसांनी सुरकुततो. पातळ दोन थर दे, प्रत्येक वेगळा दिव्याखाली. बिल्डर जेल जाड बसतं, त्यामुळे दिव्याखाली एकदम चटका बसतो. तो टाळायला हात थोडा आत, थोडा बाहेर असं करत न्यायचा.

म्हापशाच्या कोर्समध्ये ही पूर्वतयारी किती दिवस आहे ते विचार. पहिला आठवडा त्यातच गेला तर क्लास चांगला समज.

दर्यावेळ

ॲलर्जीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, आणि माझ्या मते कोर्स निवडताना तोच मोठा मुद्दा. कच्चं जेल चामडीला पुन्हापुन्हा लागलं की त्यातल्या ॲक्रिलेट रसायनांची ॲलर्जी होते. बोटांची टोकं खाजतात, चिरतात, नख मांसापासून सुटायला लागतं. एकदा झाली की सहसा जन्मभर राहते, आणि दातांच्या काही फिलिंगमध्येही ह्याच जातीची रसायनं असतात, म्हणजे पुढे दंतवैद्याकडेही अडचण. गिऱ्हाइकापेक्षा धोका करणारणीला जास्त, कारण ती रोज हाताळते. ब्रश बोटाला पुसणं, बाटलीच्या तोंडावरचं ओघळलेलं जेल, मनगट टेकतं तिथला चिकट टॉवेल, लागतं ते इथून.

हातमोजे नायट्राइलचे; लेटेक्समधून ॲक्रिलेट लवकर आत जातं. जेल लागलं की मोजा लगेच बदलायचा. धुळीसाठी एन-९५ चालतो, वासासाठी तो निरुपयोगी, त्याला हवा बाहेर फेकणारा पंखाच हवा.

दिवा घेताना वॉटवर जाऊ नका. ४८ वॉट हा आकडा दिवा वीज किती खातो ते सांगतो, जेल शिजतं की नाही ते नाही. ज्या कंपनीचं जेल, त्यांनी सांगितलेला दिवा आणि वेळ पाळायचा. क्लासमध्ये एका कंपनीचं जेल, दुसरीचा दिवा आणि 'साठ सेकंद सगळ्याला चालतात' असं ऐकलंत तर समजून घ्या.

किटमधल्या बाटल्यांवरची घटकांची यादीही वाचा. टीपीओ नावाचा, जेल दिव्याखाली घट्ट करणारा घटक युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला आहे. जुना माल किटमधून खपवणं सोपं असतं. हेमा (ॲलर्जी करणारं एक ॲक्रिलेट) नसलेली जेलंही मिळतात, पण ती चामडीला लावायला मोकळीक असा अर्थ नाही.

आणि हिरवं नख. इथे समुद्र, स्विमिंग पूल आणि चार महिने ओल. थर एका कडेने उचलला, आत पाणी अडकलं की स्युडोमोनास जंतू वाढून हिरवट डाग पडतो. वर रंग मारून झाकायचं नाही. थर पूर्ण काढायचा, नख मोकळं ठेवायचं, डाग वाढत असेल किंवा दुखत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ. क्लासमध्ये 'कुठल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं' हा धडा असावा.

मळेवाट

सर्टिफिकेटचं राहिलं. आपल्याकडे नखांचं काम करायला सरकारी परवाना-परीक्षा नाही, त्यामुळे घरगुती धंद्याला तुमचे फोटो आणि टिकाऊपणा हेच सर्टिफिकेट. 'इंटरनॅशनल' हा शब्द कोणीही छापू शकतं. कुठल्या संस्थेचं, हे विचारा. सिबटॅक, सिडेस्को, व्हीटीसीटी ही बाहेर ओळखली जाणारी नावं. तसं असेल तर त्या संस्थेच्या साइटवर केंद्राचं नाव सापडायला हवं. बोटीवरच्या स्पामध्ये किंवा आखातात जायचा विचार असेल तरच त्याचे जादा पैसे मोजा, आणि भरती करणाऱ्यांना आधी विचारून.

देशातलं मान्य हवं असेल तर ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलशी जोडलेला कोर्स बघा. केंद्र स्किल इंडिया डिजिटल हबवर शोधता येतं. आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी ट्रेड वर्षाचा आहे, पाया पक्का होतो, पण नखं हा त्यातला छोटा भाग. तुम्ही पार्लरमध्ये आहातच, तुम्हाला त्याची गरज नाही.

ॲसिटोनबाय

किट क्लासकडून घ्यायचं तर यादी आधी माग. चाळीस ग्लिटरच्या डब्या आणि स्टिकर घालून किट फुगवतात आणि बेस कोट निघतो नाव नसलेला. तुला लागणार: चांगला बेस, टॉप, डिहायड्रेटर, प्रायमर, बिल्डर जेल, रंग दहा पुरे (दोन न्यूड, पांढरा, लाल, मरून हे हवेतच), शुद्ध ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पुशर, निपर, फायली, लिंट न सुटणारे पॅड, टिप्सचा डबा, दिवा. ई-फाइल (विजेवर फिरणारी फाइल) पहिले काही महिने नको. क्युटिकलजवळ ती जरा तिरकी टेकली की नखावर लाल चंद्रकोर उमटते आणि ती वाढून बाहेर जायला महिने लागतात.

जेलच्या बाटल्या खिडकीत ठेवायच्या नाहीत, उन्हानेच बाटलीत घट्ट होतात. ब्रशही दिव्याच्या तोंडासमोर नको. ॲसिटोन पेट घेतं, तेव्हा देवघर आणि गॅस असलेल्या खोलीत काम नाही. पावसात वीज जाते, दिवा इन्व्हर्टरवर लाव. मध्येच बंद पडला तर तो थर पुन्हा पूर्ण वेळ द्यावा लागतो.

आणि नवरीचं वेळापत्रक, जे कुठलाच क्लास शिकवणार नाही. चुडा भरताना कासार पंजा दाबून बांगड्या चढवतो. लांब टिप्स आधी लावलेस तर त्यातला एखादा तिथेच जाणार. हळदीने न्यूड आणि फ्रेंचचा टॉप कोट पिवळा पडतो. म्हणून नखं चुडा आणि हळद झाल्यावर. ख्रिश्चन लग्नात रोसच्या (नारळाचा रस अंगाला लावायचा विधी) आधी नको, नंतरच, पण नारळाच्या रसाचा तेलकटपणा राहतो, तेव्हा हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे होईपर्यंत थांबायचं आणि डिहायड्रेटर दोनदा.

शेवंती_पेडणे

चुडा-हळदीचं कोणी सांगितलंच नसतं! मुंबई आणि पणजी रद्द. म्हापशाच्या क्लासला आज फोन केला: पूर्वतयारीला ४ दिवस, जिवंत हातावर ८ सेट, मॉडेल आपण आणायची, रिफिल शेवटच्या आठवड्यात. एक चालू क्लास बसून बघू देतो म्हणाले. पूर्ण फी आधी भरली तर २ हजार सूट. भरू का?

काजूबोंडू

नको. अर्धी आधी, उरलेली दोन आठवड्यांनंतर, असं विचारा. ३२ हजारांत जीएसटी धरला आहे का तेही; नोंदणीकृत क्लास १८ टक्के वर लावला तर ५,७६० रुपये आणखी जातील. पावतीवर तास, सेटची संख्या आणि किटमधल्या वस्तू लिहून घ्या. बॅच ६ वरून १० झाली तर पैसे परत, हेही त्याच कागदावर.

रिफिल शेवटच्या आठवड्यात ठेवलंय ते बरोबर आहे. फक्त पहिल्याच आठवड्यात ज्या मॉडेलवर सेट कराल तिलाच तेव्हा परत बोलवा, म्हणजे स्वतःच्या हातचं कुठे उचललं ते दिसेल. अशा दोन मैत्रिणी आतापासून ठरवून ठेवा, भांडी-धुणं हातानं करणाऱ्या असल्या तर उत्तम.