मदत हवी आहे: हरलेल्या फ्रान्सला तीन वर्षांत बड्यांच्या पंगतीत जागा कशी मिळाली?

नमस्कार मंडळी,

पुढच्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर मला व्हिएन्ना परिषदेवर (१८१४-१५, नेपोलियनच्या पराभवानंतर युरोपची घडी बसवायला भरलेली) पाऊण तास बोलायचंय. तारखा, नकाशे तयार आहेत, पण एका जागी गाडी अडलीये.

३० मे १८१४ चा पॅरिसचा पहिला तह मला समजतो. वीसेक वर्षं युरोपला झुंजवणारा देश हरला, राजधानीत रशियन फौज शिरली, तरी १७९२ च्या सीमा राहिल्या आणि दंड एका फ्रँकचाही नाही. गादीवर नुकत्याच बसलेल्या अठराव्या लुईला पहिल्याच दिवशी अपमान गिळायला लावला असता, तर लोकांनी त्याला टिकू दिलं नसतं.

पुढे व्हिएन्नात जेत्यांचंच आपसात जुंपलं. रशियाला पोलंड हवा, प्रशियाला सॅक्सनी. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ याने ती फट बरोबर हेरली आणि ३ जानेवारी १८१५ ला ब्रिटन, ऑस्ट्रिया, फ्रान्स यांचा गुप्त करार झाला, रोख रशिया-प्रशियावर. मार्चमध्ये नेपोलियन एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून परतला. लुई १९ तारखेच्या रात्री पॅरिसमधून निघून गेला आणि घाईत कराराची प्रत मागेच राहिली. नेपोलियनने ती झार अलेक्झांडरकडे धाडली. एवढं होऊनही आघाडी फुटली नाही!

वॉटर्लूला नेपोलियन शेवटचा हरला, त्यानंतर मात्र चित्र पालटलं. २० नोव्हेंबर १८१५ च्या दुसऱ्या तहात ७० कोटी फ्रँक दंड, सीमा १७९० च्या, शिवाय दीड लाखाची परकी फौज, तीही फ्रान्सच्याच खर्चाने. सेनापती वेलिंग्टन, म्हणजे आपल्या असईच्या लढाईतला (१८०३) वेलस्ली. तालेराँ तर तहाच्या आधीच पदावरून गेला होता. मग १८१८ मध्ये आखेनच्या परिषदेत फ्रान्स बाकी चौघांच्या (ब्रिटन, ऑस्ट्रिया, रशिया, प्रशिया) बरोबरीने बसला कसा? सगळं श्रेय तालेराँच्या हुशारीला द्यायला माझं मन घेत नाही. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवा.

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे. तालेराँनंतर पंतप्रधान झालेल्या ड्यूक रिशेल्यूकडे बघा. क्रांतीत देश सोडलेला हा माणूस १८०३ पासून ११ वर्षं ओडेसाचा (काळ्या समुद्रावरचं तेव्हाचं रशियन बंदर) गव्हर्नर होता, झारच्या चाकरीत. त्याचा शब्द अलेक्झांडर मानायचा. दंडाचे पैसे उभे करायला त्याने बेअरिंग आणि होप या पेढ्यांमार्फत कर्ज काढलं. पैसे मिळणार याची खात्री पटल्यावर फौज ठेवण्यात जेत्यांना फारसा अर्थ राहिला नाही, उलट ती जितकी रेंगाळेल तितका लोकांचा राग बूरबाँ राजावर (म्हणजे लुईवर) निघणार. पाच वर्षांची मुदत होती, तीन वर्षांतच फौज निघाली.

आणि झारने करार वाचूनही साथ का सोडली नाही? पोलंड-सॅक्सनीचं भांडण तोवर मिटलं होतं, दारात मात्र नेपोलियन उभा होता. फ्रान्सवर नजर ठेवायला चौघांनी दुसऱ्या तहाच्याच दिवशी वेगळा करार केला, हेही जरूर सांगा. नुसती सवलत सांगितलीत तर अर्धीच गोष्ट होईल.

धागाकर्ता

मनापासून आभार! ओडेसाचा दुवा माझ्या टिपणात नव्हताच, आता सुरुवात तिथूनच करतो. कर्जाचा भाग श्रोत्यांना सोप्या भाषेत कसा सांगावा, हे कुणी लिहील का? अर्थशास्त्रातलं कुणी असेल तर फार बरं होईल.