अरुंद फुटपाथवर कोणती झाडं लावावीत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या गल्लीत यंदा पावसाळ्याच्या तोंडावर झाडं लावायचं ठरतंय. फुटपाथ जेमतेम पाच फुटी. एका बाजूला डोक्यावर विजेच्या तारा, दुसरी बाजू मोकळी.

बऱ्याच जणांना गुलमोहर हवाय. फुलतो सुंदर, पण लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. वादळी पावसात फांद्या कोसळतात आणि खाली मुलं खेळत असतात, त्यामुळे माझा ठाम विरोध आहे. सप्तपर्णीही नको, शेजारच्या आजोबांना दमा आहे, त्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला तो उग्र वास सोसत नाही. माझ्या मनात तारांखाली ताम्हण आणि मोकळ्या बाजूला करंज, बकुळ आहे. बहावाही फार आवडतो, पण ऐन उन्हाळ्यात पानं झडली की सावली कुठून मिळणार?

खरी काळजी आळ्याची, म्हणजे खोडाभोवती मोकळ्या ठेवायच्या मातीची आहे. कोपऱ्यावरच्या जुन्या करंजाला पेव्हर ब्लॉक इतके खेटून बसवलेत की त्यांची कड खोडात रुतलीय, साल फुगून वर आलीय. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडे हे कुणी प्रत्यक्षात करून घेतलंय का? उद्यान विभागाकडे अर्ज कसा केला?

शिवाय दोन-अडीच फुटांवर मुरूम लागतो. अशा जागी खड्डा केवढा घ्यावा, माती कोणती भरावी? ताम्हण तारांखाली वाढवलेलं असेल तर छाटणी किती लागते, तेही कृपया सांगा.