मदत हवी आहे: क्लँगमध्ये नवीन ओपनएमपी डायरेक्टिव्ह, क्लॉजमधलं व्हेरिएबल कॅप्चर होत नाही

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत मशीनिंग सिम्युलेशनचा सी प्लस प्लस कोड सांभाळतो. समांतर भाग सगळा ओपनएमपीवर (काम अनेक थ्रेडमध्ये वाटण्याच्या स्टँडर्डवर) आहे. कुठला थ्रेड कुठे रेंगाळतो याची नोंद मला कोडमध्येच, हव्या त्या ब्लॉकपुरती हवी आहे. म्हणून क्लँग या सी प्लस प्लस कंपायलरच्या माझ्या फोर्कमध्ये (स्वतःच्या बदललेल्या प्रतीत) 'ट्रेस' नावाचं डायरेक्टिव्ह, म्हणजे कोडमधून कंपायलरला द्यायची सूचना, घालतोय. अपस्ट्रीमला (मूळ प्रकल्पाकडे) पाठवायचा विचार नाही, त्यामुळे 'हे स्टँडर्डमध्ये नाही' असं कृपया सांगू नका. आणि हो, ओपनएमपी ५.० पासून टूल्ससाठी ओएमपीटी हा इंटरफेस आहे, तेही पाहिलंय. ब्लॉकवर लेव्हल लावायची सोय मला त्यात सरळ मिळत नाही.

'ट्रेस' वागतं 'पॅरलल'सारखंच. ब्लॉक वेगळ्या फंक्शनमध्ये आउटलाइन होतो (काढून ठेवला जातो), फोर्क कॉलनंतर (थ्रेड सुरू करणाऱ्या कॉलनंतर) सगळे थ्रेड तो चालवतात आणि आत शिरताना प्रत्येक थ्रेड माझ्या रनटाइम फंक्शनला लेव्हल पाठवतो. ही लेव्हल 'लेव्हल(एन)' या क्लॉजमधून (डायरेक्टिव्हला जोडलेल्या पर्यायातून) येते. ओएमपी डॉट टीडीमध्ये (डायरेक्टिव्ह-क्लॉजच्या यादीच्या फाइलमध्ये) नोंद, पार्सर, सेमा (अर्थ तपासणारा भाग), एएसटीचा (पार्स केलेल्या कोडच्या झाडाचा) क्लास, कोडजेन (कोड तयार करणारा भाग), सगळं लिहून झालंय. एएसटी डंपही बरोबर दिसतो.

घोडं अडलंय ते इथे. 'एन' लोकल व्हेरिएबल असेल आणि ब्लॉकच्या आत कुठेतरी वापरलेलं असेल, तर कोड झकास चालतो. आतला तो वापर काढला की कोडजेन कोसळतं: 'डीक्लरेफएक्स्प्र फॉर डीक्ल नॉट एंटर्ड इन लोकलडीक्लमॅप'. 'एन' ग्लोबल असेल किंवा तिथे साधा आकडा असेल तर काहीच तक्रार नाही. म्हणजे आउटलाइन फंक्शनला 'एन' दिसतच नाही, इतपत कळलं. पण थ्रेडची संख्या सांगणाऱ्या 'नम_थ्रेड्स' क्लॉजला हा त्रास का होत नाही? त्याचाच कोड बघून मी माझा क्लॉज लिहिला.

नाशिकमध्ये एलएलव्हीएमवर (क्लँग ज्या प्रकल्पाचा भाग आहे त्यावर) काम करणारं कुणी असेल तर जरूर कळवा. कॉलेज रोडला चहा माझ्याकडून.

प्रतिसाद:

'नम_थ्रेड्स'ची किंमत फोर्क कॉलच्या आधी, बाहेरच्या फंक्शनमध्ये काढली जाते. त्यामुळे साध्या 'पॅरलल'मध्ये ती आत न्यायची वेळच येत नाही. तुम्हाला लेव्हल आत हवी आहे, तेव्हा नमुना म्हणून 'पॅरलल फॉर'वरच्या 'शेड्यूल' क्लॉजचा चंक साइज (एका वेळी थ्रेडला द्यायच्या लूपच्या फेऱ्यांची संख्या) बघा.

क्लँग आधी क्लॉज पार्स करतो, मग रीजन (डायरेक्टिव्हखालचा ब्लॉक) उघडतो. कॅप्चरच्या (आउटलाइन फंक्शनमध्ये न्यायच्या व्हेरिएबल्सच्या) यादीत मुख्यतः ब्लॉकच्या आत वापरलेलीच नावं जातात. 'शेड्यूल' काय करतो, तर चंकची किंमत बाहेरच एका लपलेल्या व्हेरिएबलमध्ये धरतो आणि ते प्री-इनिट (रीजनच्या आधी चालणारी तयारी) म्हणून क्लॉजला जोडतो. रीजन संपताना सेमा प्री-इनिटमधली व्हेरिएबल्स वापरली गेल्याची खूण करतो, म्हणून ती कॅप्चर होतात.

तुमचा क्लॉज 'ओएमपीक्लॉजविथप्रीइनिट'मधून वारसा घेऊ दे. पण त्याच क्लासच्या 'गेट' फंक्शनमध्ये क्लॉजच्या प्रकारांचा एक स्विच आहे. तिथे तुमचा प्रकार घातला नाही तर कंपायलर हूं की चूं न करता प्री-इनिट गाळतो. कुठल्या क्लॉजला कुठला कॅप्चर रीजन हे ठरवणारं फंक्शन सेमाओपनएमपी डॉट सीपीपीमध्ये आहे, तिथेही नोंद करा.

टेम्प्लेटच्या आत, म्हणजे कॉन्टेक्स्ट डिपेंडंट (प्रकार अजून न ठरलेला) असताना, हे कॅप्चर बनवायचं नाही. ते इन्स्टॅन्शिएशनच्या वेळी (टेम्प्लेटला प्रत्यक्ष प्रकार मिळतो तेव्हा) ट्रीट्रान्सफॉर्ममधून होतं. एएसटी रीडर-रायटरमध्येही प्री-इनिट लिहा-वाचा आणि पीसीएच (आधीच कंपाइल केलेलं हेडर) बनवून चाचणी घ्या. एवढं करूनही अडलं तर सेमाचा डिफ इथेच टाका.