शेअर्ड व्हिजन : 'सामायिक दृष्टी' की आणखी काही?

गोव्यातल्या फोंड्याहून विचारते आहे. तालुक्यातल्या स्वयंसहाय्य गटांसाठी एक प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत उतरवते आहे. त्यात एक वाक्य अडले आहे. 'शेअर्ड व्हिजन'साठी मी 'सामायिक दृष्टी' लिहिले आणि वाक्य असे झाले : 'सामायिक दृष्टी आणि सक्षम नेतृत्व यांतून वचनबद्ध चमू घडतो.' कच्चा मसुदा बायकांना वाचून दाखवला, तर 'सामायिक'वर सगळ्या थबकल्या. आपल्याकडे हा शब्द कानावर पडतो तो जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यापाशी, नाहीतर सामायिक विहिरीच्या नि भिंतीच्या भांडणात. एकीने विचारलेच, 'ताई, वाटणी कशाची?' व्याकरणात चूक नाही, पण ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांना हा शब्द भलतीकडेच नेतो. 'समान ध्येय', 'एकच ध्यास' हे पर्याय मनात आहेत. 'चमू'चीही शंका आहे. जाणकारांनी मदत करावी.

डिचोली (संस्कृतचा निवृत्त शिक्षक)

ताई, अडचण 'सामायिक'पेक्षा 'दृष्टी'त जास्त आहे. मराठीत दृष्टी ज्याची त्याची असते. 'त्यांची दूरदृष्टी' आपण सहज म्हणतो, 'आपल्या सगळ्यांची दूरदृष्टी' कोणी म्हणत नाही. मागे कितीही विशेषणे लावा, ती एकाच माणसापाशी राहते.

'नेतृत्व'कडेही बघा. 'नी' धातू, नेणे. एक नेणारा, बाकीचे नेले जाणारे. 'पुढारी' नुसता पुढे असतो, मागच्यांशी त्याचे नाते काय ते शब्द सांगत नाही. 'म्होरक्या' तर आता टोळीपुरताच उरला. मला या सगळ्यांत 'धुरीण' फार मोलाचा वाटतो. धुर् म्हणजे जू. ते जो मानेवर घेतो तो धुरीण. 'धुरंधर' आणि 'धुरा वाहणे' त्याच घरातले. म्हणजे जो सर्वांत जाणता, तोच जुवाखाली. हा शब्द आपण 'समाजधुरीण' करून श्रद्धांजलीच्या लेखांत ठेवून दिला याचे मला मनापासून वाईट वाटते.

चमूविषयी थोडक्यात : संस्कृतात हा शब्द स्त्रीलिंगी, आणि ती सेनेची मोठी तुकडी. ७२९ हत्ती, तितकेच रथ, २१८७ घोडे, ३६४५ पायदळ. मराठीत 'तो चमू' रुळला आहे, त्याला चूक म्हणणार नाही. पण दहा बायकांच्या गटाला 'गट'च बरा.

पेडणे

सरांचे 'दृष्टी'बद्दलचे म्हणणे पटले, म्हणून आमच्याकडची एक गोष्ट सांगतो. गावात कोणतेही सार्वजनिक काम काढायचे तर आधी देवापुढे गाऱ्हाणे घालतात. एक जाणता माणूस नारळ ठेवून उभा राहतो आणि काम काय, कशासाठी, कोणाकोणाचे भले व्हावे, कोणते विघ्न टळावे, हे मोठ्याने बोलत जातो. प्रत्येक वाक्यापाशी थांबतो, आणि जमलेले सगळे म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' त्यात म्हातारे असतात, पोरे असतात, काल भांडलेले शेजारीही असतात.

प्रमाण मराठीत 'गाऱ्हाणे' म्हणजे तक्रार. आमच्याकडे तक्रारीचा अर्थ आहेच, पण पहिला अर्थ हा. आता बघा, हेतू एकाच्या तोंडून येतो, तरी तो त्याचा एकट्याचा राहत नाही. प्रत्येकाने आपल्या तोंडाने हो म्हटलेले असते. तुमच्या इंग्रजी शब्दाला जे सांगायचे आहे ते इथे डोळ्याने होत नाही, बोलण्याने आणि होकाराने होते. लहानपणी मी आजोबांच्या मागे उभा राहून ओरडायचो, अर्थ कळत नसे. पण मंडप घालताना बांबू धरायला आपणही जायचे, हे कळत असे.

पुस्तिकेत 'गाऱ्हाणे' चालणार नाही, बाहेरचे वाचक तक्रार समजतील. पण वाक्य त्या वळणाने लिहिता येईल.

काणकोण

'वचनबद्ध'बद्दल कोणी बोलले नाही. वचन एकदा देतात, आणि 'बांधील' शब्दात सक्तीची छटा येते ('मी उत्तर द्यायला बांधील नाही'). 'बांधिलकी' वेगळी. ती माणूस आपणहून घेतो आणि रोज पाळतो.

मी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीच्या, काठावर वाढले. बांध आणि बांधिलकी एकाच 'बांधणे'तून आले, हे मला शाळेत कोणी शिकवले नाही, बांधावर समजले. भरतीला मानसाची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, ती सोय फार सुरेख आहे. पण मातीच्या बांधाला अशी आपोआप चालणारी सोय नाही, तो माणसांनीच राखायचा. तो फुटला की खारे पाणी कोणाचे शेत कोणते ते विचारत नाही, आणि मीठ जमिनीत मुरले की एका हंगामात जात नाही. पूर्वी ही निगा गावकारी, म्हणजे गावच्या जमिनी सांभाळणारी जुनी ग्रामसंस्था, बघत असे. तिथे 'आपले ध्येय एक आहे' असे सांगावे लागत नसे, कारण पाणी सगळ्यांना दिसत होते.

रापणीचेही तसेच. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर ओढतात. एक बाजू पुढे गेली, दुसरी रेंगाळली, की मासळी त्या बाजूने निसटते. सांगणारा एखादा जाणता असतो, पण तोही दोराला हात लावतो. सरांचा धुरीण तो हाच. ही माणसे सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध उभी राहिली. मागणी एका दमात सांगता येईल अशी होती : किनाऱ्यालगतचा पट्टा आम्हाला राखून द्या. १९८० साली गोव्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला, त्यामागे हा लढा होता. मागणी तितकी साधी नसती, तर गावोगावच्या माणसांनी ती इतकी वर्षे तोंडपाठ ठेवली असती का?

फोंडा

सगळ्यांचे आभार. 'दृष्टी', 'सामायिक', 'चमू' तिन्ही काढले. काणकोणच्या बायने सांगितलेली बांधिलकी ठेवली आणि पेडण्याचे वळण घेतले. आता असे लिहिले आहे :

'काय करायचे ते सगळ्यांसमोर मोठ्याने बोला, आणि प्रत्येकीचा होकार तिच्याच तोंडून ऐका. जी पुढे असेल तिनेही धुरा वाहावी. गटाची बांधिलकी तिथून सुरू होते.'

काल हे वाचून दाखवले. या वेळी वाटणीचे कोणी विचारले नाही. 'होकार प्रत्येकीच्या तोंडून' यावर मात्र एक म्हातारी म्हणाली, 'मग नकारसुद्धा ऐकून घ्यावा लागेल.' ते वाक्यही जोडते आहे.

सर, एक राहिले. गटप्रमुख बाईसाठी 'धुरीण' हेच रूप चालेल, की 'धुरीणा' करू? उच्चारायला मला पहिलेच सोपे वाटते.