छोट्या प्रेप स्कूलमध्ये अभ्यास खरंच कडक असतो का?

चिंतातुर_बाबा
आम्ही अमेरिकेत, ईस्ट कोस्टला. मुलगी आठवीत आहे, आत्तापर्यंत पब्लिक (म्हणजे इथली सरकारी) स्कूल आणि सगळीकडे ए. नववीपासून एका छोट्या प्रायव्हेट प्रेप स्कूलमध्ये (कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या शाळेत) घालायचं डोक्यात आहे. अख्ख्या हायस्कूलला मिळून दीडशेच्या आत पोरं, एका वर्गात बारा-तेरा. शाळा बघायला गेलो तर लायब्ररी दाखवली, लंबगोल टेबलाभोवती बसून चर्चा करणारी पोरं दाखवली, सगळं झकास, पण एपी (हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचे कोर्स आणि त्यांची देशभर एकच परीक्षा) किती विषयांचं आहे विचारलं तर ॲडमिशनवाल्या बाई म्हणाल्या आम्ही एपी बंद केलं, आमचे स्वतःचे ॲडव्हान्स्ड कोर्स आहेत. मुलांचा वर्गातला रँकही देत नाहीत. मग दर्जा ओळखायचा कशावरून? बायको म्हणते तू फार उकरत बसतोस. अहो फीचा आकडा बघितल्यापासून झोप उडालीये, उकरू नको तर काय करू?

खडूफळा
अशाच एका शाळेत नऊ वर्षं गणित शिकवलंय म्हणून लिहिते. एपी नाही म्हणजे दर्जा नाही असं अजिबात नाही. 2018 मध्ये वॉशिंग्टनच्या आसपासच्या आठ शाळांनी, त्यात सिडवेल फ्रेंड्स, सेंट ऑल्बन्स सारख्या शाळा होत्या, मिळून जाहीर केलं की 2022 पर्यंत आम्ही एपी कोर्स बंद करणार. पण त्या शाळा कॉलेजांच्या ओळखीच्या, त्यांचं चालून जातं. तुमच्या शाळेला कोण ओळखतं? म्हणून त्यांच्याकडे स्कूल प्रोफाइल मागा. ट्रान्सक्रिप्टबरोबर (गुणपत्रकाबरोबर) शाळेचे काउन्सेलर कॉलेजांना शाळेची जी एक-दोन पानी माहिती पाठवतात ती. त्यात कोर्स कुठले, ग्रेडिंग कसं, बऱ्याचदा ग्रेड कशा विभागल्यात तेही असतं. निम्म्याहून जास्त वर्गाला ए असेल तर काय समजायचं ते समजा.

आणि टेबलावर भाळू नका. टेबलाभोवती चर्चा करून शिकायची ती हार्कनेसची पद्धत 1930 पासूनची, फिलिप्स एक्सिटर या शाळेला एडवर्ड हार्कनेसने देणगी दिली तिथून सुरू झालेली. टेबल कोणीही विकत आणतं हो. चर्चा चालू असताना गप्प बसलेल्या पोराला शिक्षक कसं आत ओढतात ते बघायला वर्गात बसू द्या म्हणावं.

छोट्या शाळेत खरं दुखणं वेगळंच असतं. तिथे दर्जा म्हणजे दोन-तीन माणसं. फिजिक्सला एकच मास्तर, तो सोडून गेला की ते वर्ष कसंबसं निभावून नेतात. बऱ्याच राज्यांत प्रायव्हेट शाळेतल्या शिक्षकाला सरकारी लायसन्स लागत नाही, त्यामुळे विषयात पीएचडी केलेलाही भेटतो आणि काल कॉलेजमधून बाहेर पडलेला पोरगाही. कोण किती वर्षं टिकलंय हे नक्की विचारा.

रात्रपाळीची_आई
+1. आमचा मुलगा अकरावीत, अशीच शाळा. नववीतला पहिलाच इंग्लिशचा निबंध सी प्लस घेऊन परत आला, आयुष्यातला पहिला सी, घरात सुतक. पण बाईंनी समासात दीड पानभर लिहिलं होतं आणि तोच निबंध तीनदा परत लिहून घेतला, हे पब्लिकमध्ये तीस-तीस पोरांच्या वर्गात कोण करणार. आता तो छान लिहितो. उलट वेळापत्रकाच्या गणितात बोंब. एकेका कोर्सचा एकच वर्ग, त्यामुळे ऑर्केस्ट्रा आणि ऑनर्स (वरच्या पातळीची) केमिस्ट्री एकाच तासाला आले आणि एक सोडावं लागलं. ब्रोशरमध्ये तीस कोर्स छापलेत, त्यातले निम्मे "पुरेशी मुलं आली तर". त्यामुळे गेल्या वर्षी खरोखर कुठले चालले ते विचारा.

तिरपा_डोळा
वरचं सगळं ठीक, पण वर्गात बारा पोरं, त्यातल्या दोघांचे आईबाप ट्रस्टी, अशा ठिकाणी डी द्यायची छाती कोणाची? बाहेरचा एखादा आकडा हातात हवाच. कोर्स नसला तरी मे महिन्यातली एपीची परीक्षा देता येते, फक्त बाहेरचं पोर बसवून घेणारी शाळा आधी शोधून आधीच्या फॉलमध्येच (शरद ऋतूत) नाव नोंदवावं लागतं. शाळेत ए आणि परीक्षेत पाचपैकी दोन आले की उत्तर मिळालं.

खडूफळा
@तिरपा_डोळा ट्रस्टीच्या पोराला मी सी दिलाय. फोन आला होता, नाही म्हणत नाही. हेडने (मुख्याध्यापकांनी) माझी बाजू घेतली. पुढच्या हेडने घेतली नसती.

चिंतातुर_बाबा
सगळ्यांचे आभार. प्रोफाइल मागितलं, दोन दिवसांनी पाठवलं. कॅल्क्युलसला गेल्या वर्षी सहा पोरं, ग्रेडची विभागणी दिलेलीच नाही. फिजिक्सचे सर जूनमध्ये रिटायर होतायत, नवीन कोण ते "ठरतंय". काल मुलगी दिवसभर वर्गात बसून आली. एका तासात तिला दोनदा विचारलं म्हणे, आणि कथा तिने वाचलेलीच नव्हती. जेवताना गप्प होती, नंतर ती कथा शोधून वाचत बसली. आवडलं की नाही ते अजून सांगत नाहीये. फिजिक्सचं ठरलं की इथेच लिहितो.